गळते कुठे आणि टपकते कुठे

आमचा सहाचाकी ट्रक २००४ सालचा आहे. आबांनी तो नवा घेतला तेव्हा मी शाळेत होतो. आता त्याचा हिशेब, पासिंग (आरटीओची तपासणी) आणि दुरुस्ती ही सगळी कामे माझ्याकडे आली आहेत. कोल्हापुरातून सिमेंट किंवा खत भरून रत्नागिरीच्या बाजूला उतरायचे आणि येताना पाली-लांजा भागातल्या एखाद्या चिरेखाणीवरून जांभ्याचे चिरे भरून आंबा घाट चढायचा, हा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, ५.९ लिटरचे, टर्बो असलेले आणि सगळा कारभार यांत्रिक पंपावर चालणारे आहे. अशी इंजिने नीट सांभाळली तर दोन पिढ्यांना पुरतात. म्हणूनच गेल्या पावसाळ्यानंतर त्याने ऑइल टाकायला सुरुवात केली, तेव्हा "गाडी जुनी झाली, एवढे चालायचेच" असे म्हणून ते सोडून द्यायला माझे मन तयार होईना.

सुरुवातीला सकाळी गाडी काढली की जमिनीवर तळहाताएवढा काळा डाग दिसायचा. दिवाळीपर्यंत तो परातीएवढा झाला आणि डिपस्टिकवरची पातळी प्रत्येक फेरीला इतकी उतरू लागली की कोल्हापूरला परत आल्यावर जवळजवळ लिटरभर ऑइल वर घालावे लागे. लिटर म्हणजे फार वाटत नाही, पण हिशेब करून पाहिला तर चित्र बदलते. एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने वीस-पंचवीस थेंब बसतात. म्हणजे सेकंदाला एक थेंब पडत राहिला, तर तासाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास आणि सात तासांच्या चालण्यात लिटर संपते. आमची गाडी घाटात सेकंदाला एक थेंब टाकत होती, हा त्याचा सरळ अर्थ. पहिल्या पावसात आंबा घाटाच्या वळणावर रस्त्यावरच्या ऑइलवरून घसरलेली दुचाकी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. त्या वळणावर आपल्या गाडीचे थेंब पडत आहेत ही गोष्ट मला ऑइलच्या खर्चापेक्षा जास्त टोचत होती. शिवाय आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग असते, आणि आमची तारीख दीड महिन्यावर आली होती.

त्याआधी एक दुरुस्ती फुकट गेली होती. एका गॅरेजमध्ये गाडी खालून पाहून सांगण्यात आले की चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचे, पॅकिंग गेले आहे. चेंबर उतरवला, नवे पॅकिंग बसवले, ऑइल बदलले, आणि तिसऱ्या दिवशी डाग जसाच्या तसा होता. मग आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांचे वय साठीच्या पुढे आहे आणि त्यांचा हात या इंजिनावर बसलेला आहे. गाडीखाली झोपून त्यांनी बॅटरी मारली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या घंटेच्या आकाराच्या हाउसिंगच्या तळाशी बोट लावले आणि म्हणाले, "मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार."

त्यांचा अंदाज चुकीचा ठरवण्याजोगे तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हते. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा; त्याच्या मागच्या टोकाचे सील गेले की ऑइल फ्लायव्हीलच्या मागे उतरते आणि हाउसिंगच्या तळातूनच थेंब पडतो. आमचाही थेंब तिथूनच पडत होता. पण गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे चेन ब्लॉक लावायचा, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, क्लच काढायचा आणि गाडी तीन-चार दिवस उभी ठेवायची. एकदा चेंबर उगाच उघडून झाला होता, म्हणून मी त्यांना म्हटले, "मिस्त्री, उतरवायचा तर उतरवूच, पण त्याआधी गाडी एकदा धुऊन बघूया का?" त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "धुवून घे. मी पण बघतो."

धुण्याआधीच एक गोष्ट तपासण्यासारखी होती. हाउसिंगच्या खालच्या बाजूला पत्र्याची एक छोटी झाकणी असते. चार बोल्ट काढले की आतले फ्लायव्हील आणि क्लचची कड दिसते. मागचे सील गळत असेल, तर आत सगळे ओले हवे, क्लचची धूळ ऑइलमध्ये कालवून काळ्या चिखलासारखी झालेली हवी, आणि चढावर क्लच थोडा तरी घसरायला हवा. आमचा क्लच चिऱ्यांनी भरलेली गाडी घेऊन घाट चढताना कुठेही घसरत नव्हता. झाकणी काढून आत बोट फिरवले, तर बोटाला राखाडी, कोरडी, पिठासारखी धूळ लागली. मिस्त्रींनी ती धूळ अंगठ्याने चोळली, वास घेतला आणि काही न बोलता झाकणी परत लावली. ऑइल हाउसिंगच्या आतून नव्हे, तर बाहेरून ओघळून त्याच्या तळाशी येत होते आणि तिथून टपकत होते.

या सगळ्या प्रकरणात मला शिकायला मिळालेली मुख्य गोष्ट हीच, आणि ती नंतर मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांच्यापैकी अनेकांनी आपापल्या गाडीचा असाच अनुभव सांगितला. ऑइल खाली उतरते आणि चालत्या गाडीत पंख्याच्या व समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा गळतीपासून हातभर, कधी दोन हात दूर असते, आणि ती नेहमी मागे आणि खाली असते. शोध घ्यायचा तर ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. पण वीस वर्षांच्या इंजिनावर ऑइल आणि धूळ यांचा थर बोटभर जाडीचा असतो. अशा थरात सर्वांत वरचे ओले कुठले आणि जुने कुठले, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आधी धुणे.

इंजिन थंड असताना आम्ही त्यावर डिझेल फवारले, ब्रशने घासले, तासभर भिजू दिले आणि मग साबणाच्या पाण्याने धुतले. प्रेशरचे पाणी थेट मारायचे नाही, याची मी काळजी घेतली. ऑल्टरनेटर, सेल्फ मोटर आणि हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून ठेवले होते. नंतर हवा मारून सगळे कोरडे केले. ब्लॉकचा मूळ रंग मला कित्येक वर्षांनी दिसला. मग बहिणीकडून अंगाला लावायच्या पावडरीचा एक डबा मागून घेतला आणि संशयाच्या सगळ्या जागांवर ती पावडर पातळ भुरभुरली: वरच्या सहा झाकणांच्या कडांवर, टर्बोच्या ऑइल पाइपांवर, ऑइल फिल्टरच्या तोंडाशी, पुढच्या क्रँक सीलभोवती, पंपाच्या मागे, चेंबरच्या कडेला आणि हाउसिंगच्या वर. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर ऑइलचा बारीकसा ओघळही काळ्या रेघेसारखा उमटतो. हे जुने तंत्र आहे; त्याला कुठलेही यंत्र लागत नाही.

गळते ते नेमके कुठले तेल आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळे पडते. गिअर ऑइल जाडसर असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. डिझेल पातळ असते आणि त्याचा वास बोटावरून लवकर जात नाही. आमचे काळे होते, बोटांत चिकट लागत होते, गंधकाचा वास नव्हता. इंजिनाचेच होते.

गाडी अर्धा तास उभ्या जागी चालवली, तरी काही दिसले नाही. मग रिकामीच मलकापूरपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर केबिनमधले बॉनेट उघडून बॅटरी मारली, तर वरची सहाही झाकणे कोरडी, टर्बो कोरडा, फिल्टर कोरडा. क्लीनरच्या बाजूला मात्र डिझेल पंपाच्या मागे, पंप आणि ब्लॉक यांच्यामधल्या अंधाऱ्या फटीत, पावडर काळी पडली होती. हात आत जाईना म्हणून बायकोच्या पर्समधला छोटा आरसा तारेला बांधून आत सरकवला. आरशात एक लांब पत्रा दिसला, त्याच्या खालच्या कडेला ऑइलचे मणी लागले होते, आणि एकेक मणी फुगून खाली सुटत होता. तिथून ओघळ ब्लॉकच्या कंगोऱ्यावर उतरत होता, कंगोऱ्यावरून मागे जात होता, आणि हाउसिंगला वळसा घालून तळाशी पोचत होता. ती रेघ मी बोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवली. पुढून मागे अख्खा दीड-दोन फुटांचा प्रवास होता तो.

या पत्र्याच्या नावाचा घोळ सांगायला हवा, कारण त्यापायी सुटा भाग आणताना माझा एक हेलपाटा गेला. आपल्याकडच्या गॅरेजांत इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्हवरच्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात, कारण टॅपेट सेटिंग तिथे करतात. या इंजिनात खरे टॅपेट, म्हणजे कॅमबरोबर वर-खाली होऊन व्हॉल्व्ह उघडायला लावणारे तुकडे, ब्लॉकच्या कुशीत, कॅमशाफ्टच्या वर बसतात, आणि त्यांच्यावरचा हा पत्रा पुस्तकात टॅपेट कव्हर म्हणून दिलेला असतो. मी दुकानात टॅपेट कव्हरचे पॅकिंग मागितले आणि मला वरच्या झाकणांची सहा पॅकिंगे मिळाली. दुसऱ्या वेळी "पंपामागच्या साइड प्लेटचे" असे म्हटल्यावर हवे ते हातात आले.

जागा सापडली, पण मिस्त्रींनी पुढचा प्रश्न विचारला आणि तो खरा महत्त्वाचा होता: वीस वर्षे धरलेले पॅकिंग आताच का सुटले? त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याच्या तोंडावरची टोपी काढायला लावली आणि ती उलटी करून नुसती तोंडावर ठेवली. इंजिन ठीक असेल तर टोपी थरथरते आणि जागच्या जागी राहते. आमची टोपी नाचली आणि बाजूला उडाली. आत वाफांचा दाब साठत होता. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरचा पाइप असतो. रिंगा झिजल्या तर वायू वाढतो, आणि ब्रीदर तुंबला तर वायू तेवढाच असूनही त्याला वाट राहत नाही. दोन्ही वेळा दाब सगळ्यांत कमकुवत पॅकिंगातून ऑइल बाहेर ढकलतो. नुसत्या उभ्या चालवण्यात आम्हाला काही दिसले नव्हते आणि गाडी पळवल्यावर दिसले, याचेही कारण हेच. जोर पडला की दाब वाढतो.

मिस्त्री खाली वाकले आणि ब्रीदरच्या पाइपाचे टोक शोधू लागले. तो रबरी पाइप इंजिनाच्या कडेने खाली येतो आणि पुढच्या ॲक्सलच्या आसपास उघडा सुटतो. टोक सापडले, पण भोक दिसेना. पाइप सोडून वर आणला आणि त्यात सळई घातली तेव्हा आतून आधी लाल, मग तपकिरी, मग काळ्या रंगाचा, गुळाच्या खड्यासारखा घट्ट गोळा बाहेर पडला. जांभ्याची माती होती ती. पावसाळ्यात चिरेखाणीच्या रस्त्यावर चाकाच्या अर्ध्यापर्यंत लाल चिखल असतो; तो चाकांवरून उडून पाइपाच्या टोकाशी बसायचा, आतून येणारी ऑइलची वाफ त्याला चिकट करायची, आणि उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने तो भाजून निघायचा. फेरीगणिक थर चढत गेले असणार. शेवटी करंगळीएवढीही वाट उरली नव्हती. तो गोळा मी बराच वेळ हातात धरून पाहत होतो. ज्या खाणीच्या फेऱ्यांवर आमचे घर चालले, तिचीच माती होती ती.

पाइप डिझेलमध्ये रात्रभर भिजवून स्वच्छ केला आणि परत टोपीची परीक्षा घेतली. टोपी थरथरली, पण पडली नाही. म्हणजे रिंगा अजून ठीक होत्या आणि मोठ्या खर्चाची भीती टळली. पॅकिंगला तेव्हाच हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. एक फेरी तशीच केली. लिटराऐवजी पाव लिटर ऑइल गेले. दाब गेल्याने गळती कमी झाली होती, पण पॅकिंग मेलेलेच होते.

मग खरे काम. साइड प्लेटपर्यंत पोचायला डिझेलचे पाइप आणि पंप आड येतात. पाइप काढताना प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाकला आणि उघड्या तोंडांवर लगेच प्लॅस्टिकच्या टोप्या बसवल्या, कारण नोझलच्या भोकात धुळीचा कण गेला तरी नुकसान होते. पंप काढण्याआधी टायमिंग, म्हणजे पंप आणि इंजिन यांच्या फिरण्याचा मेळ, धरून ठेवावे लागते. या इंजिनाच्या गिअर केसमागे प्लॅस्टिकची एक छोटी पिन असते; पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या स्ट्रोकला वर आला की ती कॅम गिअरच्या भोकात शिरते. मिस्त्री हळूहळू क्रँक फिरवत होते आणि मी पिनेवर बोट दाबून बसलो होतो. एका क्षणी ती बोटाखाली टचकन आत गेली. पंप जोडून झाला की ती बाहेर ओढायची असते. विसरून सेल्फ मारला तर ती तुटते. म्हणून मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत "पिन" असे लिहून तो स्टीअरिंगला बांधून ठेवला.

प्लेट निघाली तेव्हा जुने पॅकिंग वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे कडकड मोडले. त्यावर आणि खाली निळ्या सिलिकॉनचे थर होते, म्हणजे कुणीतरी पूर्वी पॅकिंग न बदलता नुसती ट्यूब पिळून भागवले होते. सिलिकॉनचा आतल्या बाजूला ओघळलेला एक तुकडा लोंबत होता. असा तुकडा सुटून चेंबरमध्ये पडला आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला चिकटला, तर ऑइलचा दाब जाऊन बेअरिंगे जळू शकतात. गळती थांबवण्यासाठी केलेल्या आळसाने अख्खे इंजिन जाऊ शकते, हे मला इथे तळमळीने सांगावेसे वाटते. दुसरी गोष्ट, बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्याने प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा आत दबला होता. पॅकिंग भोकांपाशी चिरडले जात होते आणि दोन भोकांच्या मध्ये सैल राहत होते. ऑइलचे मणी नेमके तिथेच लागले होते. मिस्त्रींनी प्लेट सपाट लोखंडावर पालथी ठेवून लाकडी ठोकळ्याने ती कड हलकेच ठोकून सरळ केली, स्टीलची पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहिले, आणि उजेड दिसेनासा होईपर्यंत हेच करत राहिले. या कामाला पाऊण तास गेला. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हाच पाऊण तास सर्वांत मोलाचा होता.

ब्लॉकची बाजू खरवडण्याआधी टॅपेटच्या कप्प्यात मोजून चार फडकी घातली, काढतानाही चार मोजली. पॉलिश पेपर वापरला नाही. त्याची वाळू आत गेली तर ती ऑइलबरोबर फिरते. बांबूची चपटी कामटी आणि पेट्रोलचे फडके एवढ्यावर काम झाले. नवे पॅकिंग रबरी होते. ते सिलिकॉन न लावता कोरडेच बसवले, बोल्टांचे वायसर नवे घातले, आणि मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांकडे जात तीन फेऱ्यांत २४ न्यूटन मीटरपर्यंत टॉर्क पान्याने आवळले. मिस्त्री एरवी हाताच्या अंदाजावर चालणारे, पाना कट्ट करून वाजला तेव्हा म्हणाले, "एवढंच? मी तर अजून दीड फेरा दिला असता." आणि मग त्यांनी प्लेटच्या ठोकून सरळ केलेल्या कडेकडे पाहिले.

पंप बसला, पिन ओढली, कागद फाडला, हातपंपाने हवा काढली. तिसऱ्या सेल्फला इंजिन धरले.

ब्रीदरच्या पाइपाचे टोक आम्ही तिरके कापले, म्हणजे माती चिकटली तरी सगळे तोंड एकदम बंद होत नाही, आणि ते चाकापासून दूर, चॅसीच्या आतल्या बाजूला पट्टीने बांधले. नंतर पुन्हा पावडर भुरभुरून, भरलेल्या चिऱ्यांसह साखरप्याहून आंबा घाट चढलो. वर येऊन गाडी थांबवली आणि आरसा आत घातला. पावडर पांढरी होती. पंपाच्या एका पाइपाच्या नटाशी डिझेलची किंचित ओल दिसली, ती पाव फेऱ्याने गेली. त्या रात्री आबांनी गाडीखाली खोक्याचा एक मोठा पुठ्ठा अंथरला आणि सकाळी चहाच्या आधी तो ओढून बाहेर काढला. दोन्ही बाजूंनी पाहिला, मग घडी घालून पुन्हा कोपऱ्यात ठेवला, कारण तो कोरडा होता आणि पुन्हा वापरता येणार होता.

आता चार फेऱ्या झाल्या. डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेपासून नखभर खाली आहे आणि वरून ऑइल घातलेले नाही. खाणीवरून आलो की चाके धुताना ब्रीदरच्या टोकात सळई घालून बघतो. परवा पुन्हा थोडी लाल माती निघाली.